विद्यापीठ, पदवी आणि पोट : यवतमाळ जिल्ह्याच्या निमित्ताने

सुशिक्षित बेकारीची चर्चा आपल्याकडे नवी नाही. नवा आहे तो शब्द. पूर्वी पदवीधराला काम मिळाले नाही, तर 'नोकऱ्या नाहीत' असे म्हटले जाई. आता 'पदवीधर रोजगारक्षम नाही' असे म्हटले जाते. वरवर पाहता दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच वाटेल. पण पहिल्या वाक्यात दोष व्यवस्थेचा आहे आणि दुसऱ्यात उमेदवाराचा. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या 'तुमची लायकी नाही' हेच ऐकविले गेले, त्या समाजातील पदवीधराने हा नवा शब्द मुकाट्याने स्वीकारण्यापूर्वी तो तपासून घेतला पाहिजे.

विद्यापीठांच्या कामाविषयी आज तीन गोष्टी एका दमात बोलल्या जातात. विद्यापीठाने पदवीधराला रोजगारक्षम करावे, समाजात न्याय्य काम निर्माण होण्यास हातभार लावावा आणि प्रदेशाच्या आर्थिक वाढीला चालना द्यावी. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९९९ साली 'प्रतिष्ठेचे काम' ही कल्पना मांडली. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली जी सतरा उद्दिष्टे स्वीकारली, त्यातील आठव्या उद्दिष्टात प्रतिष्ठेचे काम आणि आर्थिक वाढ यांना एकत्र बसविले. कल्पना चांगलीच आहे. प्रश्न असा की, यवतमाळसारख्या जिल्ह्यात, भूमिहीन शेतमजुराच्या घरातून आलेल्या पदवीधराच्या बाबतीत ही साखळी कोठे जुळते आणि कोठे तुटते? प्रस्तुत लेखात तेवढेच पाहावयाचे आहे.

विद्यापीठ आले कोठून, विद्यार्थी आला कोठून

यवतमाळ जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेप्रमाणे लोकसंख्या सुमारे २७ लाख ७२ हजार. त्यात अनुसूचित जातींचे प्रमाण शेकडा १२ च्या आसपास, तर अनुसूचित जमातींचे शेकडा १८ हून थोडे अधिक. गोंड, कोलाम, परधान, आंध ही आदिवासी वस्ती. पुसद-दिग्रसकडे मोठा बंजारा समाज. आणि गावोगावचे बौद्ध, मातंग, चर्मकार. या जिल्ह्याचे उच्च शिक्षण आधी १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या छत्राखाली होते. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि यवतमाळ त्याकडे आले. पुढे या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचे नाव दिले गेले. भाकरी हातावर घेऊन खावी लागली तरी चालेल, पण लेकराला शिकवा, असे गावोगाव सांगत फिरणाऱ्या परिटाच्या पोराचे नाव. ज्याला स्वतःला शाळा मिळाली नाही, त्याच्या नावाच्या पदव्या आज आपली मुले घेतात. या नावाची जबाबदारी विद्यापीठावर आहे, तशी ती आपल्यावरही आहे.

विद्यापीठ आले त्याच १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदान तत्त्वावर खाजगी अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी देण्याचे धोरण सुरू झाले. हा योगायोग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. एकीकडे विद्यापीठ घराजवळ आले आणि दुसरीकडे ज्या शिक्षणाला बाजारात भाव होता ते पैशाच्या कुंपणाआड गेले. गरीब घरातील मुलगा यवतमाळ, वणी, पुसद, उमरखेडच्या कला महाविद्यालयात दाखल झाला, कारण तेथे फी कमी होती आणि भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर भागत होते. त्याने इतिहास, मराठी, राज्यशास्त्र निवडले ते आवडीपेक्षा परवडीने. पुढे त्यालाच 'तू चुकीचा विषय घेतलास' असे सांगण्यात आले.

पुढाऱ्यांनी नव्हे, पूर्वसूरींनी काय केले

शिक्षणाचा आणि कामाचा संबंध आपल्या चळवळीला परका नाही. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात दोन मुद्दे रोखठोक मांडले. रयतेच्या करातून जमणारा पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा एक. आणि प्राथमिक शिक्षणात हिशेब, शेतीचे मूलभूत ज्ञान, आरोग्य यांचा समावेश हवा, हा दुसरा. म्हणजे 'शिक्षण उपयोगी असावे' ही मागणी कारखानदारांच्या संघटनांनी प्रथम केलेली नाही. ती शूद्रातिशूद्रांच्या बाजूने केली गेली होती आणि तिच्यात उपयोग कुणाचा, हा प्रश्न गृहीत होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर लिहिलेल्या निबंधात दाखविले की, शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे पोसली जातात, त्यांचे श्रम वाया जातात आणि त्यावरचा खरा उपाय औद्योगिकीकरण हा आहे. पुढे १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना त्यांनी या विचाराला शासनयंत्रणेची जोड दिली. सरकारी नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के जागा १९४३ साली राखल्या गेल्या. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली. रोजगार विनिमय केंद्रे १९४५ मध्ये उभी राहिली आणि १९४६ च्या कारखाने कायद्यातील दुरुस्तीने आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. ही यादी एकत्र वाचली म्हणजे तिच्यातील सूत्र दिसते. शिक्षण, प्रशिक्षण, नोकरीपर्यंत पोचण्याची वाट आणि कामावरची माणुसकी, या चारही कड्या एकाच वेळी ओवायच्या असतात. एक जरी सुटली तरी उरलेल्या तीन निकामी होतात.

१९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले तेव्हा नोकरी करणाऱ्या मुलांसाठी सकाळचे वर्ग ठेवण्यात आले. गरीब विद्यार्थ्याचा दिवस कसा जातो हे ओळखून महाविद्यालयाने आपले घड्याळ बदलले. आज किती महाविद्यालये वेचणीच्या हंगामात रोजाने जाणाऱ्या विद्यार्थिनीसाठी आपले वेळापत्रक बदलतात?

१९५६ आणि १९९० मधले अंतर

यवतमाळच्या बौद्ध पदवीधरांचा इतिहास समजून घ्यायचा तर एक गोष्ट विसरता येणार नाही. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्धांच्या अनुसूचित जातींच्या सवलती केंद्र सरकारच्या पातळीवर गेल्या. महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्याच्या नोकऱ्यांत व शिक्षणात नवबौद्धांना सवलती मिळाल्या. पण रेल्वे, टपाल, बँका, कोळसा खाणी या केंद्राच्या अखत्यारीतील ठिकाणी ते दार १९९० च्या दुरुस्तीपर्यंत बंद राहिले. वणी भागातील कोळसा खाणी १९७३ साली राष्ट्रीयीकृत झाल्या आणि १९७५ पासून वेस्टर्न कोलफील्ड्‌सकडे आल्या. म्हणजे जिल्ह्यातील मोठ्या संघटित रोजगाराचा काही भाग ज्या काळात उभा राहत होता, त्याच काळात बौद्ध म्हणून नोंद केलेल्या उमेदवाराला तेथे राखीव जागेचा हक्क नव्हता. १९९० साली दार उघडले आणि १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर आतली जागाच आक्रसू लागली. एका पिढीने पदवी मिळविली ती दार बंद असताना. दुसरीने मिळविली ती खोली रिकामी होत असताना. यात 'रोजगारक्षमते'चा दोष कोणता?

जिल्ह्यात काम आहे, पद नाही

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. जिनिंग-प्रेसिंग, वणीचा कोळसा व चुनखडी, यवतमाळजवळच्या लोहारा येथील डेनिम कापडाची गिरणी, झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन येथे २०२२ साली सुरू झालेला सिमेंट कारखाना, ही त्याची उद्योगसंपत्ती. यातील बराचसा अंगमेहनतीचा रोजगार कंत्राटी किंवा हंगामी असतो. शेतीत सालदारी, रोजंदारी, निंदण, वेचणी, फवारणी. येथे आकड्यांतील आर्थिक वाढ आणि माणसाची वाढ एकत्र चालत नाहीत. शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर २००६ साली पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचा मदत कार्यक्रम जाहीर केला; त्यात यवतमाळ होता. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा त्याच वर्षी देशातील ज्या पहिल्या जिल्ह्यांत लागू झाला, त्यातही यवतमाळ होता. दोन्हींचा अर्थ एकच : सरकारी दप्तरातही हा जिल्हा अडचणीचा म्हणून नोंदला गेला होता.

२०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मरण पावले. शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. पाठीवर पंप घेऊन उंच वाढलेल्या पऱ्हाटीत शिरणारा माणूस बहुधा दुसऱ्याच्या शेतात रोजाने गेलेला असतो. त्याला हातमोजे नव्हते, तोंडावर पट्टी नव्हती, कोणते औषध कशात मिसळू नये हे सांगणारे कुणी नव्हते. आता विचार करा. अकोल्यास १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. अमरावतीस विद्यापीठ आहे. जिल्ह्यात रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, समाजकार्य शिकलेले पदवीधर रिकामे बसले आहेत. ज्ञान आहे, माणूस आहे, गरजही जीवघेणी आहे. पण या तिघांना जोडणारे पद नाही. डबीवरचे लेबल वाचून मजुराला समजावून सांगणे हे काम आहे. विहिरीचे पाणी तपासणे, रोजगार हमीच्या मस्टरची पडताळणी करणे, कोलाम पोडावर वनहक्काचे दावे भरून देणे, हीही कामेच. पण त्यांना पगार नाही, म्हणून ती रोजगार म्हणून मोजली जात नाहीत. विद्यापीठाने आर्थिक वाढीस हातभार लावायचा म्हणजे बाहेरून येणाऱ्या कंपनीची वाट पाहणे एवढेच नव्हे. जिल्ह्याच्या गरजेतून पदे कशी निर्माण करता येतील, याचा आराखडा शासनापुढे ठेवणे हेही त्याचे काम आहे.

आज विद्यापीठे काय करतात

काहीच होत नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. महाविद्यालयांत नोकरी-मार्गदर्शन कक्ष आहेत. 'कमवा व शिका' ही कर्मवीर भाऊराव पाटलांनी रुजविलेली वाट विद्यापीठांच्या योजनांत आली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ अन्वये विद्यार्थी विकास, आजीवन अध्ययन व विस्तार, नवोपक्रम व उद्योजकता यांसाठी स्वतंत्र मंडळे आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमात प्रत्यक्ष कामावरील प्रशिक्षणाला श्रेयांक मिळू लागले आहेत. २०२४ साली राज्य शासनाने युवा कार्यप्रशिक्षण योजना आणली. तीत पदवीधराला दरमहा १०,००० रुपये विद्यावेतन जाहीर झाले, मुदत प्रथम सहा महिन्यांची.

परंतु प्रत्येक योजनेला एक प्रश्न विचारला पाहिजे : हे शिकणे आहे, की स्वस्तात राबवून घेणे? मुदत संपल्यावर त्याच कार्यालयात, त्याच खुर्चीवर दुसरा प्रशिक्षणार्थी बसत असेल, तर ते प्रशिक्षण नव्हे. तेथे पद होते आणि ते भरले गेले नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. श्रेयांकासाठी विद्यार्थ्याला दुकानात वा कारखान्यात पाठविताना प्रवासाचा खर्च कोण करणार? मारेगावच्या मुलीने यवतमाळला रोज जायचे तर तिच्या घरची एक दिवसाची मजुरी एस.टी.त जाते.

याच संदर्भात एका कायद्याकडे लक्ष वेधतो. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याच्या कलम ३-अ प्रमाणे, अधिसूचित व्यवसायांत शिकाऊ उमेदवार घेताना मालकाने अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवणे बंधनकारक आहे. हे कलम खाजगी मालकालाही लागू आहे. तीस किंवा अधिक माणसे कामास असलेल्या आस्थापनेने एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेत, असा नियम २०१९ पासून आहे. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही म्हणून आपण हळहळतो. पण जेथे कायद्याने फट ठेवली आहे तेथे आपण बोट घातले का? जिल्ह्यातील खाण, गिरणी, सिमेंट कारखाना यांत किती शिकाऊ जागा आहेत, त्यात राखीव किती, आणि त्यांवर जिल्ह्यातील मुले किती, हे महाविद्यालयाच्या मार्गदर्शन कक्षाच्या फळ्यावर लिहिलेले असले पाहिजे. अर्थात या कायद्याचा दुसरा भागही सांगितला पाहिजे. शिकाऊ उमेदवार हा कायद्याच्या भाषेत कामगार नव्हे, आणि मुदतीनंतर त्याला कायम करण्याचे सर्वसाधारण बंधन मालकावर नाही. म्हणून ही पायरी आहे, घर नव्हे.

अर्जावरचे आडनाव

समजा, पदवीधर सर्वार्थाने तयार आहे. इंग्रजी येते, संगणक येतो. मग तरी वाट मोकळी आहे का? अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविले होते. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढचे बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला एक-तृतीयांश. त्याच सुमारास अश्विनी देशपांडे व कॅथरिन न्यूमन यांनी दिल्लीतील विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यांचा मागोवा घेतला. मुलाखतीत घरच्या पार्श्वभूमीविषयी विचारले जाणारे प्रश्न आणि ओळखीपाळखीचे जाळे, या दोन ठिकाणी दलित विद्यार्थी मागे पडतो, असे त्यात दिसले. थोरात हे मूळ अमरावती जिल्ह्याचे आणि मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी. आपल्याच मातीतल्या अभ्यासकाने, बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या महाविद्यालयातून शिकून, 'गुणवत्ते'च्या बाजाराचे हे रूप आकड्यांनी दाखविले, हे महत्त्वाचे आहे.

खाजगी दार असे, म्हणून मुले सरकारी दाराकडे वळतात. तालुक्यातालुक्यात अभ्यासिका निघाल्या आहेत. पहाटे मैदानावर पोलीस भरतीची धाव, दुपारी सामान्यज्ञान. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांची जाहिरात निघाली आणि दहा लाखांहून अधिक अर्ज आले. परीक्षा शुल्क खुल्या प्रवर्गास १,००० आणि राखीव प्रवर्गास ९०० रुपये. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला शासकीय कामे नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी माणसांकडून करून घेण्याचा शासननिर्णय निघाला. विरोध झाल्यावर तो ऑक्टोबरमध्ये रद्द करावा लागला. निर्णय रद्द झाला, पण वृत्ती रद्द झाली असे समजण्याचे कारण नाही. कंत्राटी पदावर आरक्षणाची बिंदुनामावली पोचत नाही. म्हणून कंत्राटीकरण हा दलितांच्या दृष्टीने केवळ पगाराचा प्रश्न नाही, तो प्रतिनिधित्वाचा प्रश्न आहे.

आंतरराष्ट्रीय श्रमसंघटना व मानव विकास संस्थेच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालानुसार, २०२२ साली देशातील तरुण पदवीधरांत बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ते ३.४ टक्के. याचा अर्थ शिक्षण निरुपयोगी आहे असा काढणारे लोक निघतील. अर्थ उलट आहे. निरक्षर तरुणाला बेकार राहणे परवडत नाही. तो मिळेल ते, मिळेल त्या भावात करतो. पदवीधर जे नाकारतो ते काम नव्हे, ती बिनमानाची मजुरी असते. आई-बापांनी सालदारी करून त्याला शिकविले ते पुन्हा सालदारीसाठी नव्हे.

विद्यापीठ स्वतः मालक म्हणून कसे आहे?

न्याय्य कामाची शिकवण देणाऱ्याने आधी आपले घर पाहावे. राज्यभरातील महाविद्यालयांत हजारो प्राध्यापक तासिका तत्त्वावर शिकवितात. नेट, सेट, पीएच.डी. झालेली ही माणसे. घेतलेल्या तासाचेच पैसे. सुट्टीत नाहीत, परीक्षेच्या काळात नाहीत, आणि जे मिळायचे ते महिनोन्‌महिने अडकते. पूर्णवेळ पदे रिक्त ठेवून हे चालते. जेथे पद भरले जाते तेथे देणगीची कुजबुज होते, आणि ती देणे भूमिहीनाच्या मुलाला शक्य नसते. पहिल्या पिढीचा दलित विद्यार्थी आपल्या तासिका-प्राध्यापकाकडे पाहून काय शिकेल? सर्वोच्च पदवी घेऊनही माणूस रोजंदारीवरच असतो, हेच ना?

प्रांगण झाडणारी बाई, वसतिगृहाचा सफाईवाला, फाटकावरचा रखवालदार हे अनेक ठिकाणी कंत्राटदाराचे असतात. बहुधा ते कोणत्या समाजाचे असतात हे सांगावयास नको. त्यांना किमान वेतन मिळते का, भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, हे ज्या विद्यापीठाने विचारले नाही त्याने न्याय्य कामावर परिसंवाद भरवू नये.

मग करावयाचे काय?

पहिली गोष्ट, विद्यापीठ हे वरून चालणारे देवस्थान नव्हे. त्यात शिरण्याची दारे आहेत. २०१६ च्या अधिनियमाप्रमाणे अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. त्यात अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला यांना प्रत्येकी एक जागा राखीव आहे. परंतु मत त्यालाच असते, ज्याने अर्ज भरून आपले नाव नोंदविले. पदवी घेऊन घरी गेलेला आपला तरुण हे नाव नोंदवीत नाही आणि संस्थाचालकांची माणसे ते न चुकता नोंदवितात. कार्यकर्त्यांनी गावोगाव ही नोंदणी मतदारयादीइतक्या गांभीर्याने केली पाहिजे.

दुसरी गोष्ट, हिशेब मागणे. प्रत्येक महाविद्यालयाने पाच वर्षांपूर्वीचे आपले पदवीधर आज कोठे आहेत, कायम आहेत की कंत्राटी, पगार किती, याची प्रवर्गवार नोंद ठेवून ती प्रसिद्ध करावी, असा ठराव अधिसभेत आणता येतो. 'शंभर टक्के नोकरी' अशा फलकांपेक्षा ही एक यादी अधिक खरे बोलेल.

तिसरी, अभ्यासमंडळांतील आपल्या प्राध्यापकांची. कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, शिकाऊ उमेदवार कायदा, कंत्राटी कामगारांचे हक्क यांची ओळख अभ्यासक्रमातच झाली पाहिजे. मुलाखतीत कसे बसावे हे शिकविणाऱ्या तासिकेत नेमणूकपत्र कसे वाचावे हेही शिकवा. प्रत्यक्ष कामाचे श्रेयांक केवळ दुकान-कारखान्यातच नव्हे, तर फवारणी-सुरक्षा, पाणी तपासणी, वनहक्क, रोजगार हमीचे सामाजिक अंकेक्षण या कामांतही मिळाले पाहिजेत. आणि त्या कामांना विद्यावेतन मिळाले पाहिजे.

चौथी, विद्यार्थ्यांची. शिष्यवृत्ती, स्वाधार, वसतिगृह यांचे पैसे वेळेवर मिळणे हीच रोजगारक्षमतेची पहिली अट आहे, हे ठणकावून सांगा. ज्याचे शुल्क थकले म्हणून गुणपत्रिका अडली, त्याला तुम्ही कोणते कौशल्य शिकविणार?

बाबासाहेबांनी शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हा क्रम सांगितला. पहिली पायरी आपल्या दोन-तीन पिढ्यांनी पोटाला चिमटा घेऊन चढली. पदवी मिळाली म्हणजे उरलेल्या दोन पायऱ्या आपोआप मागे पडल्या, अशी समजूत मधल्या काळात झाली. यवतमाळचा पदवीधर आज ज्या ठिकाणी उभा आहे, ते ठिकाण दुसऱ्या पायरीचे आहे. एकेकट्याने अर्ज भरून आणि एकेकट्याने नापसंत होऊन हा प्रश्न सुटणार नाही. तासिकेवरचा प्राध्यापक, अभ्यासिकेतला उमेदवार आणि फवारणीचा पंप पाठीवर घेतलेला मजूर हे एकाच घरातले लोक आहेत. विद्यापीठाला जाब विचारायचा तो या तिघांनी मिळून विचारला पाहिजे.